उडती तबकडी आणि नवशिक्याची नजर

सातपुड्याच्या पायथ्याशी, भुसावळ-खंडवा लोहमार्गावरील आमच्या चांदनीच्या परिसरास बंदूक ही वस्तू अपरिचित नाही. जवळच असीरगड उभा आहे. १६०१ मध्ये अकबराने आणि १८१९ मध्ये इंग्रजांनी तो घेतला. पुढे या जंगलांत शिकारीचा काळ आला आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तोही संपला. शेजारच्या नेपानगरचा वृत्तपत्रीय कागदाचा कारखाना १९५६ मध्ये पंडित नेहरूंनी राष्ट्रास अर्पण केला. त्यानंतरच्या काळात या भागात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांपैकी अनेकांनी जमिनी घेतल्या, शेती केली आणि रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी परवान्याची बंदूकही बाळगली. अशा बंदुका आजही काही घरांतील खुंटीवर आहेत. त्या क्वचितच उडतात. परंतु त्या आहेत.

आपल्या स्मरणिकेत सामान्यतः मधुमेह, गुडघेदुखी, परीक्षेचा ताण अशा विषयांवर लेख असतात. एका बालरोगतज्ज्ञाने बंदुकीच्या नेमाबद्दल लिहावे, याचे वाचकांस आश्चर्य वाटेल. त्याचे कारण प्रथम सांगतो.

२०२३ च्या ऑक्टोबरात हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत भारतीय महिलांच्या ट्रॅप संघाने रौप्यपदक मिळविले. त्या संघातील तिघींपैकी दोघी मध्य प्रदेशच्या, राज्याच्या भोपाळ येथील नेमबाजी अकादमीत घडलेल्या. मनीषा कीर ही भोपाळच्या तलावावर मासेमारी करणाऱ्या कुटुंबातील, तर प्रीती रजक ही इटारसीतील, ड्रायक्लीनिंगचा व्यवसाय करणाऱ्या वडिलांची मुलगी. तिसऱ्या राजेश्वरी कुमारी. त्याच स्पर्धेत पृथ्वीराज तोंडैमान, कायनन चेनाय आणि जोरावरसिंग संधू यांच्या पुरुष संघाने सुवर्णपदक पटकाविले. इटारसी आमच्याच लोहमार्गावर, खंडव्याच्या पुढे. त्यामुळे ही बातमी येथील एका पंधरा वर्षांच्या मुलीच्या मनात खोल रुजली. तिच्या जन्मापासून मी तिला ओळखतो. तिच्या साऱ्या लसी माझ्याच हातच्या. आठवडाभरात तिचे वडील माझ्याकडे आले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मुलीच्या हातात बंदूक द्यावी का? खांदा, कान, डोळे... काही बिघडणार तर नाही? तुम्हीच एकदा सोबत येऊन बघा."

प्रश्न वैद्यकीय होता, तसाच नैतिकही. मुलांचे जीव जपणे ज्याचा व्यवसाय, त्याने एका मुलीच्या हाती शस्त्र देण्यास अनुमोदन द्यावे काय? पुस्तकांतून उत्तर मिळेना. तेव्हा सुटीच्या दिवशी गाडीने दूरच्या एका रेंजवर जाऊ लागलो आणि प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली, पन्नाशी ओलांडल्यावर, मीही बंदूक खांद्याला लावली. त्या शिक्षणातून जे समजले ते डॉक्टर बंधु-भगिनींपुढे आणि समाजबांधवांपुढे ठेवीत आहे.

नेम धरणे आणि रोख देणे

आपल्याकडे नेमबाजी म्हटले की अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत ही नावे आठवतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळविणारा कोल्हापूरचा स्वप्नील कुसळे हा तर त्या वेळी आपल्या चांदनीवरून धावणाऱ्या मध्य रेल्वेचाच तिकीट तपासनीस होता. परंतु ही सर्व मंडळी रायफल वा पिस्तुलाची. तेथे लक्ष्य स्थिर, गोळी एक, आणि साधना श्वास रोखून निश्चल होण्याची.

छऱ्यांच्या बंदुकीचे शास्त्र याच्या उलट आहे. लक्ष्य उडते आहे आणि नळीतून एक गोळी न जाता शेकडो छरे जात आहेत. स्पर्धेत चोवीस ग्रॅम छऱ्यांचे काडतूस वापरतात. त्यात नेहमीच्या मापाचे सुमारे तीनशे छरे असतात. लक्ष्य म्हणजे अकरा सेंटिमीटर व्यासाची, सुमारे १०५ ग्रॅम वजनाची तबकडी. तिला मातीची म्हणतात खरे, पण ती बनते डांबरासारख्या पदार्थाची व चुनखडीची. 'ट्रॅप' प्रकारात नेमबाजापुढे पंधरा मीटरांवरील खंदकातून ती त्याच्यापासून दूर, डावी-उजवीकडे कोन करून उडते. 'स्कीट' प्रकारात एका उंच व एका ठेंगण्या खोलीतून ती समोरून आडवी जाते, आणि ती दिसेपर्यंत बंदुकीचा दस्ता कमरेशी ठेवावा लागतो.

भारताला हा खेळ नवा नाही. बिकानेरचे महाराजा कर्णीसिंग १९६० पासून पाच ऑलिम्पिक स्पर्धांत उतरले आणि १९६२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळविले. रणधीरसिंगांनी १९७८ च्या आशियाई स्पर्धेत ट्रॅपचे सुवर्ण आणले. २००४ मध्ये अथेन्सला राज्यवर्धनसिंग राठोड यांनी 'डबल ट्रॅप'मध्ये स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक रौप्यपदक जिंकले. एके काळी संस्थानिकांचा असलेला हा खेळ कोळ्याच्या व परिटाच्या घरापर्यंत पोहोचला, हे आपल्या काळाचे भाग्य होय.

नवशिक्यास पहिल्याच दिवशी एक वाक्य ऐकावे लागते : रायफलीने नेम धरायचा असतो, छऱ्यांच्या बंदुकीने रोख द्यायचा असतो. लहान मूल चंद्राकडे बोट दाखविते तेव्हा ते बोटाच्या टोकाकडे पाहत नाही. ते चंद्राकडे पाहते आणि बोट आपोआप तिकडे वळते. बंदुकीची नळी हे असेच लांबविलेले बोट आहे.

बंदूक कोणती?

मुलीच्या वडिलांचा दुसरा प्रश्न हाच होता. नवशिक्याच्या दृष्टीने निरनिराळ्या बंदुकांचे गुणदोष असे आहेत.

ठासणीची बंदूक, जिला आमच्याकडे भरमार म्हणतात, ती प्रथम बाजूला काढू. तोंडाकडून दारू व छरे ठासून भरायचे. किती दारू पडली यावर नियंत्रण हाताच्या अंदाजाचे. चाप ओढल्यापासून बार उडेपर्यंत विलंब होतो आणि जुनी नळी फुटण्याचे भय असते. शिकण्यासाठी ती सर्वथा अयोग्य.

एकनळी बंदूक स्वस्त, साधी आणि वजनाने हलकी. हलकी म्हणजे मुलांसाठी चांगली, असा समज सार्वत्रिक आहे. तो भौतिकशास्त्राच्या विरुद्ध आहे. चोवीस ग्रॅम छरे सेकंदास सुमारे चारशे मीटर वेगाने पुढे गेले की साडेतीन किलोची बंदूक सेकंदास जवळपास तीन मीटर वेगाने मागे येते. तीच बंदूक अडीच किलोची असेल तर वेग चारच्या घरात जातो. काडतूस तेच, पण हलक्या बंदुकीचा धक्का अधिक. पहिल्या दिवशी हलकी एकनळी हाती दिलेले मूल दुसऱ्या दिवशी रेंजवर येण्यास नाखूश असते, यात नवल नाही.

आडवी दुनळी, जिच्या दोन नळ्या शेजारी शेजारी असतात, ती आपल्या आजोबांची बंदूक. दिसावयास देखणी. परंतु दोन नळ्यांची रुंदी नजरेच्या वाटेत येते आणि बहुधा दोन चाप असल्याने नवशिक्याचे बोट घुटमळते.

उभी दुनळी, म्हणजे एकावर एक नळ्या असलेली, ही आज स्पर्धांची बंदूक आहे. डोळ्यापुढे एकच अरुंद पट्टी असते. खालची नळी प्रथम उडविली तर धक्का खांद्याच्या रेषेत सरळ मागे येतो, तोंड कमी उसळते आणि दुसरा बार लवकर साधतो. शिवाय ती मधून उघडली की रिकामी आहे हे दहा पावलांवरूनही दिसते. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा गुण मी सर्वांत वरचा मानतो.

स्वयंचलित भरणीची बंदूक काडतुसातील वायूचा काही अंश यंत्रणा चालविण्यास वापरते. त्यामुळे धक्का लांबतो, पसरतो आणि खांद्यास सौम्य वाटतो. कोमल बांध्याच्या नवशिक्यास ती सुखावह. मात्र नळीत काडतूस उरले आहे की नाही हे बाहेरून चटकन कळत नाही, म्हणून देखरेख अधिक हवी. हाताने पुढचा दांडा मागे ओढून भरावयाच्या पंप बंदुकीत दुसऱ्या बारापूर्वी ती हालचाल करावी लागते. त्यात नवशिक्याची नजर लक्ष्यावरून हटते.

नळीच्या मापाबद्दलही गैरसमज आहेत. 'बारा बोअर' म्हणजे त्या नळीत नेमक्या बसणाऱ्या शिशाच्या गोळ्यांपैकी बारा मिळून एक पौंड वजन होते; व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर. 'वीस बोअर'ची नळी त्याहून बारीक, आणि 'चारशेदहा'ची नळी म्हणजे इंचाचे चारशेदहा सहस्रांश. मुलांसाठी ही सर्वांत बारीक बंदूक घेण्याकडे पालकांचा कल असतो. तिचा धक्का कमी असतो खरा, पण छरेही थोडे. तबकडी फुटत नाही आणि मूल हिरमुसते. वजनदार बारा बोअर अथवा बेताची वीस बोअर, मापात बसणारा दस्ता आणि हलके काडतूस ही जोडी नवशिक्यास अधिक न्याय देते.

नळीच्या तोंडाशी असलेली आवळ, जिला 'चोक' म्हणतात, तिचेही गणित सोपे आहे. छत्तीस मीटरांवर पाऊण मीटर व्यासाचे वर्तुळ काढले तर सरळ नळीचे सुमारे चाळीस टक्के, मध्यम आवळीचे साठ टक्के आणि पूर्ण आवळीचे सत्तर टक्के छरे त्यात पडतात. आवळ घट्ट तर फुलोरा लहान. नवशिक्याने सैल आवळीने, जवळच्या तबकडीपासून आरंभ करावा. आणि तबकडीपूर्वी एकदा कागदावर बार टाकून आपली बंदूक छरे नेमके कोठे टाकते ते पाहावे. उसळत्या तबकडीसाठी बनविलेल्या ट्रॅपच्या बंदुका मुद्दाम किंचित वर मारतात. हे ठाऊक नसेल तर माणूस विनाकारण स्वतःच्या हाताला दोष देत बसतो.

मागची माशी म्हणजे डोळा

रायफलीला पुढे एक माशी आणि मागे एक फट असते. छऱ्यांच्या बंदुकीला पुढचा मणी तेवढा असतो. मागची माशी म्हणजे नेमबाजाचा डोळा. गाल दस्त्यावर एक बोट वर टेकला तर छरे वर जातात, डोके उचलले तर तबकडीवरून जातात. म्हणून दस्ता अंगाच्या मापाचा हवा. वाढत्या वयाच्या मुलांच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे, कारण आज मापाचा असलेला दस्ता वर्षभराने आखूड पडतो. बुटाचे माप आपण बदलतो तसे दस्त्याचेही बदलावे लागते.

या मुलीचे बार पुनःपुन्हा तबकडीच्या डावीकडून जात. बंदूक बदलून पाहिली, तरी तेच. मग तिला मी दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये लहानसा त्रिकोण करावयास आणि त्यातून दूरच्या खांबाकडे पाहावयास सांगितले. तिने डावा डोळा मिटला आणि खांब नाहीसा झाला. हात उजवा, पण प्रबळ डोळा डावा. बहुसंख्य माणसांत हात व डोळा एकाच बाजूचे असतात. परंतु उलट जोडी काही विरळ नाही आणि तो आजारही नव्हे. उजव्या खांद्यावरील बंदुकीचा मणी ती नकळत डाव्या डोळ्याने पाहत होती, म्हणून नळीचा रोख डावीकडे जात होता. प्रशिक्षकांनी तिच्या सुरक्षाचष्म्याच्या डाव्या काचेवर अर्धपारदर्शक चिकटपट्टीचा लहान तुकडा लावला. दुसरा मार्ग डाव्या खांद्यावरून शिकण्याचा, आणि अगदी लहान वयात आरंभ करणाऱ्यांस तोच श्रेयस्कर. माझी सूचना अशी की बंदूक निवडण्यापूर्वी ही अर्ध्या मिनिटाची तपासणी प्रत्येक नवशिक्याची व्हावी.

लाल लोकरीचा गोळा

आम्ही बालरोगतज्ज्ञ दोन-तीन महिन्यांच्या बाळापुढे लाल लोकरीचा गोळा हळूहळू फिरवितो. निरोगी बाळ तो सलग नजरेने अनुसरते. हेच अनुसरण उडत्या तबकडीच्या नेमाचा पाया आहे. डोळ्याच्या हालचाली दोन प्रकारच्या : एका वस्तूवरून दुसरीवर मारलेली झटक्याची उडी आणि हलत्या वस्तूमागे सरकणारी सलग नजर. उडीच्या क्षणी डोळ्याला स्पष्ट दिसत नाही. नवशिका 'नेम बरोबर आहे ना' म्हणून तबकडीवरून मण्याकडे नजर टाकतो, त्या क्षणी तबकडी हरवते, हात थबकतो आणि बार मागे पडतो. म्हणून पहिला नियम : नजर तबकडीवर, तीही तिच्या पुढच्या कडेवर. नळी परिघीय दृष्टीत अंधूक दिसते, तेवढे पुरे.

बार मागे का पडतो, याचा हिशेब मांडून पाहू. वीस मीटरांवर तबकडी आडवी जाते आहे. छऱ्यांना तेथवर पोहोचण्यास सेकंदाचा साधारण अठरावा भाग लागतो. तेवढ्यात सेकंदास वीस मीटर जाणारी तबकडी सुमारे एक मीटर पुढे सरकते. अर्थात छरे आत्ताच्या तबकडीकडे पाठवून उपयोग नाही. ती जेथे असणार तेथे ते पोहोचले पाहिजेत. या अंतरास आघाडी म्हणू.

आघाडी साधण्याच्या तीन रीती आहेत. पहिली : तबकडीच्या मागून येऊन, तिला पार करून, पुढे जाताच चाप ओढणे. दुसरी : आरंभापासून ठराविक अंतर पुढे राहून तबकडीच्याच वेगाने फिरणे. तिसरी : तबकडीवर रोख जुळवून मग तिच्यापुढे ओढून नेणे. नवशिक्यास पहिली रीत सोपी जाते, कारण मागून येण्याच्या वेगातच आघाडीचा बराचसा भाग आपोआप मिळतो. स्कीटमध्ये पुष्कळ जण पुढे दुसरीकडे वळतात. रीत कोणतीही असो, चाप ओढल्यावर बंदूक थांबवू नये. क्रिकेटमधील फलंदाजाची बॅट चेंडू लागल्यावरही फिरत राहते, तशीच नळी बारानंतरही फिरत राहिली पाहिजे. नवशिक्यांचे बहुतेक बार मागे पडतात ते बंदूक थांबल्यामुळे.

उभे राहण्याची रीतही महत्त्वाची. वजन थोडे पुढच्या पायावर; पाय तबकडी जेथे फोडावयाची त्या दिशेला; वळण कमरेतून, केवळ हातांनी नव्हे. बंदूक प्रथम गालाला आणि मग खांद्याला येते. डोके बंदुकीकडे झुकविल्यास डोळ्याची जागा प्रत्येक वेळी बदलते. सरावाचा एक बिनखर्ची प्रकार प्रशिक्षकांनी शिकविला : दोघांनी दोनदा तपासलेल्या रिकाम्या बंदुकीच्या तोंडात लहान विजेरी बसवायची आणि भिंत व छत मिळतात त्या रेषेवरून तिचा प्रकाश फिरवीत बंदूक गालाला आणायची. प्रकाश रेषेवरून घसरला की बंदूक कोठे हिसकते ते कळते. त्या खोलीत एकही काडतूस असता कामा नये.

धक्का आणि दचक

बाळपणी इंजेक्शन घेतलेले मूल पुढच्या वेळी स्पिरिटचा वास येताच अंग आक्रसते. सुई अजून ट्रेमध्येच असते. बंदुकीचेही असेच. दहा-वीस बारांनंतर शरीर धक्क्याची वाट पाहू लागते, चाप ओढण्याच्या क्षणी डोळे मिटतात, खांदा पुढे येतो आणि नळी खाली झुकते. नेमबाजास हे स्वतःला कळत नाही, कारण धक्क्यात सारे झाकले जाते. यावर उपाय असा की प्रशिक्षकाने काडतुसांत अधूनमधून सरावाचे निकामी काडतूस मिसळावे. बार न उडता नळी झुकली की दचक उघडी पडते. मग त्या दिवशी काडतुसे कमी करावीत, वजनदार बंदूक द्यावी, खांद्याची गादी वापरावी. वेदना सोसून धीट होणे हा मार्ग मुलांसाठी नव्हे. भीती मज्जासंस्थेत मुरली की ती काढण्यास महिने लागतात.

वाढत्या वयातील खांद्यास धोका आहे काय? मापाची, वजनदार बंदूक, हलके काडतूस आणि बारांची मर्यादा पाळली तर निरोगी किशोरवयीन मुलीने शिकण्यास वैद्यकीय अडसर मला दिसला नाही. खांद्यावर पुनःपुन्हा निळे डाग पडणे हे मात्र दस्ता चुकीच्या जागी टेकल्याचे लक्षण समजावे आणि थांबावे.

कान आणि शिसे

कानाच्या बाबतीत मी कठोर आहे. बंदुकीच्या बाराचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो आणि अंतःकर्णातील केशपेशी एकदा गेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. जुन्या शिकाऱ्यांच्या कानात आयुष्यभर किर्रर्र वाजत राहिल्याचे आपण अनेकांनी ऐकले असेल. कानात बोळे आणि वरून आवरण, दोन्ही हवेत. हा नियम नेमबाजाइतकाच शेजारी उभ्या असलेल्या धाकट्या भावंडासही लागू. डोळ्यांसाठी न फुटणाऱ्या काचेचा चष्मा. कारण तबकडीचे तुकडे परत येतात.

दुसरी गोष्ट शिशाची. छरे शिशाचे असतात आणि त्याची बारीक धूळ हातांवर व कपड्यांवर बसते. मुलांच्या रक्तातील शिशाची निर्धोक अशी पातळी आढळलेली नाही. अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राने २०२१ मध्ये दखल घेण्याची मर्यादा डेसिलिटरला साडेतीन मायक्रोग्रॅमवर आणली. म्हणून रेंजवर काही खाऊ-पिऊ नये, परतताना हात साबणाने धुवावेत आणि ते कपडे घरातील लहानग्यांच्या कपड्यांत मिसळू नयेत. काटेकोरपणे पाळल्यास मोकळ्या मैदानावरील या खेळात हा धोका फार मर्यादित राहतो.

खुंटीवरची दुनळी

आता मुख्य गोष्ट. रेंजवरील शिस्त पाहून माझी शंका पुष्कळशी फिटली होती. तेथे बंदूक उघडलेली असते, काडतूस आपल्या जागी उभे राहिल्यावरच भरले जाते, तोंड सदैव मैदानाकडे असते, बोट शेवटच्या क्षणापर्यंत चापाबाहेर असते. परंतु तिच्या घरी गेलो तेव्हा ओसरीच्या खुंटीवर आजोबांची आडवी दुनळी दिसली. काडतुसांची पेटी देवघराच्या कोनाड्यात. आणि घरात तिचा सात वर्षांचा भाऊ.

मी आजोबांना म्हणालो, "आबा, नातीला पाठवायला माझी हरकत नाही. पण आधी ही बंदूक कुलपात गेली पाहिजे."

आबा दुखावले. "डॉक्टरसाहेब, चाळीस वर्षं खुंटीवर आहे. कधी कुणाला ओरखडा आला? आमच्या पोरांना सांगून ठेवलंय, हात लावायचा नाही."

सांगून ठेवणे किती पुरे पडते, याचा पुरावा वैद्यकीय वाङ्मयात आहे. २००१ मध्ये 'पेडियाट्रिक्स' या नियतकालिकात अमेरिकेतील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठ ते बारा वर्षांच्या मुलग्यांचे दोन-तीन जणांचे २९ गट एका खोलीत खेळावयास सोडले. तेथील खणात एक खरे, निकामी केलेले पिस्तूल ठेवले होते. २१ गटांना ते सापडले, १६ गटांनी ते हाताळले आणि १० गटांत कोणीतरी चाप ओढला. ज्यांनी हाताळले त्यांतील बहुतेक सर्वांना बंदुकीपासून दूर राहण्याचे शिक्षण पूर्वी मिळाले होते. कुतूहल हा बाल्याचा दोष नव्हे, तो त्याचा धर्म आहे. तेव्हा आवर बंदुकीला घालावा लागतो.

आबांना मी आकडे सांगितले नाहीत. इतकेच म्हटले, "आबा, पोलिओचंही असंच होतं. ज्याच्या घरी तो आला नाही, त्याला तो दुसऱ्याच्या घरचा आजार वाटायचा." ते काही बोलले नाहीत. तीस वर्षांच्या व्यवसायात छरे लागलेली बालके मी पाहिली आहेत. त्यांपैकी प्रत्येक घरात बंदूक 'नेहमीच्या जागी' होती आणि 'रिकामी' होती.

दोन महिने मुलगी रेंजवर गेली नाही. तिने हट्ट केला नाही, रडारडही केली नाही. एवढेच की ती रोज संध्याकाळी ओसरीत बसून भावाला खुंटीपासून दूर ठेवी. पुढे एका रविवारी तिचे वडील येऊन सांगून गेले की आबांनी स्वतः बुऱ्हाणपूरला जाऊन पोलादी कपाट आणले आहे. बंदूक सुटी करून त्यात गेली, काडतुसे दुसऱ्या कुलपात आणि दोन किल्ल्या दोन वेगळ्या माणसांपाशी. त्यानंतरच्या महिन्यात मुलीने पंचवीसपैकी सतरा तबकड्या फोडल्या. पुढे ती कोठवर जाईल, हे काळ ठरवील.

वडिलांच्या मूळ प्रश्नाचे माझे उत्तर आता असे आहे : नियमाने चालणाऱ्या रेंजवर, जाणत्या प्रशिक्षकाच्या नजरेखाली, मापाच्या बंदुकीने, कान-डोळे झाकून मुलगी अवश्य शिकू दे. एकवीस वर्षांखालील व्यक्तीस शस्त्राचा परवाना मिळत नाही. प्रशिक्षणापुरती सवलत असते ती मोठ्यांच्या उपस्थितीत. कायद्याची ही रेषा बालरोगशास्त्रासही मान्य होण्याजोगी आहे. हा खेळ मुलांना थांबणे शिकवितो, स्वतःच्या चुकीचे कारण शोधणे शिकवितो, आणि हाती सामर्थ्य असताना ते न वापरण्याची सवय लावितो.

डॉक्टर मित्रांना मात्र एक विनंती आहे. आपण प्रत्येक बालकाच्या पालकांना लसी, आहार, झोप यांबद्दल विचारतो. निमाडच्या, खानदेशच्या, सातपुड्याच्या दोन्ही अंगांच्या गावांत आपण सराव करतो. तेव्हा त्याच ओघात, न बिचकता, आणखी एक प्रश्न विचारावा : घरात बंदूक आहे का? असल्यास ती कुलपात आहे का, आणि काडतुसे वेगळी आहेत का? या प्रश्नास अर्धे मिनिटही लागत नाही. उत्तर 'खुंटीवर आहे' असे आले, तर त्या भेटीतील पुढची दहा मिनिटे तापाइतक्याच गांभीर्याने त्यावर खर्च करावीत.